पुरीरीभोवतीचा दोरा

ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात घर घेतलं तेव्हा आमच्या गल्लीत सावलीच्या नावाने बोंब होती. दुपारचं ऊन नुसतं भाजून काढायचं. म्हणून नवऱ्याने मागच्या अंगणात पुरीरी लावला. झाड इथलंच; पूर्वीचे गोरे त्याला न्यूझीलंडचा ओक म्हणत. ओक नव्हेच तो, पण सावली तशीच दाट, आणि हिवाळ्यातही पानं गळत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात नवरा गेला. शेवटचे दिवस त्याने त्याच सावलीत खुर्ची टाकून काढले.

जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मैत्रिणीचा फोन आला. "अगं, इथे वड नाही म्हणून वटपौर्णिमेला आम्ही पार्कातला ओक पुजतो ना, पण तो आत्ता पार खराटा असतो. फोटो हीप्स वाईट येतात, अगदीच भकास. तुझं झाड कसलं हिरवंगार आहे! तुझ्याकडे करू या?"

मी वेडी, हरखले. किती महिन्यांनी घरात माणसं येणार होती. अंगण झाडलं, चहाचं आधण ठेवलं.

त्या आल्या, पैठण्यांवर जाडजूड जॅकेटं चढवून. मैत्रीण थेट स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "तू आतच थांब हं. माझं काही नाही गं, पण सासूबाई व्हिडिओ कॉलवर आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फार्मसिस्ट, हिच्या पोरांना ताप आला की औषध विचारायला मी चालते. तेव्हा माझं कपाळ दिसत नाही हिला. खिडकीतून बघते तर माझ्या नवऱ्याच्या झाडाला दोरा गुंडाळत बायका आपापला नवरा सात जन्मांसाठी मागत होत्या. झाड चालतं, आणि ते लावणाऱ्याची बायको चालत नाही. चुलीत घाला असली पूजा.

मी बाहेर गेले आणि खोडाला पाठ लावून उभी राहिले. "गुंडाळा आता. माझ्यासकट."

फोनमधून सासूबाईंनी विचारलं, "कोण गं ती मध्ये?"

"कोणी नाही, आई," मैत्रीण म्हणाली.

मी तिच्या हातातून फोन घेतला. "काकू, मी विधवा आहे. तुम्हाला चालणार नाही म्हणून हिने मला घरात बसवलं होतं."

"मला?" काकू म्हणाल्या. "अगं, माझे यजमान जाऊन किती वर्षं झाली! मला काय चालायचं नाही?"

मैत्रिणीने फोन ओढून घेतला आणि कॉल कापला. सासूबाईंचं नुसतं नाव होतं. मी नको होते ती हिलाच.