व्हॉल्व्ह तापेपर्यंत

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाशी लग्नात लोक दोनच वाक्यं बोलतात. एक, "जरा बाजूला व्हा, फोटोत येताय." दुसरं, "ती वायर तुमची का?" अशा माणसांसाठी मी गेली बारा वर्षं व्हॉल्व्हची प्रीॲम्प पेडलं बनवतो. यावरून माझं व्यवहारज्ञान काय तोलाचं आहे ते लक्षात यावं.

पेडल म्हणजे वाजवणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा डबा. गिटारची वायर त्यात जाते आणि दुसरी वायर त्यातून निघून साउंडवाल्याकडे जाते. गिटारमधून निघतो तो आवाज अगदी मरतुकडा असतो, हा डबा त्याला अंग देतो. हे काम एका किरकोळ चिपनेही होतं आणि खरं सांगायचं तर बरंच होतं. पण जुन्या रेडिओत असायचा तसला काचेचा व्हॉल्व्ह लावला की खालच्या सुरांना भरीवपणा येतो, असं मानणारा एक पंथ जगभर आहे. आमच्या जिल्ह्यात त्या पंथाचा मठ म्हणजे नागापूर एमआयडीसीतला माझा गाळा. मठाधिपती मी. भक्तांचं अजून जमायचंय.

पोटासाठी मी कारखान्यांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळतो. पेडल हा दुपारनंतरचा आजार. बायको त्याला "तुमचे ते डबे" म्हणते आणि पाहुण्यांना सांगताना "इलेक्ट्रॉनिक्समध्ये काहीतरी" म्हणते. दोन्ही वर्णनं बरोबर आहेत.

पेडल निवडायला येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लाईट लागते का?" बाजारातल्या स्वस्त पेडलांनी लावलेली ही सवय. त्यांच्यात व्हॉल्व्ह असतो, नाही असं नाही. पण नीट काम करायला त्याला दोनशेच्या वर व्होल्ट लागतात, आणि हे लोक त्याला बारा देतात. बारा व्होल्टांवर व्हॉल्व्ह म्हणजे सरकारी कचेरीतली ती खुर्ची, जिच्या पाठीवर कोट अडकवलेला असतो आणि साहेब बाहेर गेलेले असतात. मग त्याच्यामागे एक नारिंगी एलईडी लावायची, पुढे जाळीची खिडकी करायची, की झाला व्हॉल्व्ह लालबुंद. गिऱ्हाईक खिडकीकडे बघतं, एक तार छेडतं, डोळे मिटतं आणि म्हणतं, "काय वॉर्म आहे!" एकदा मी अशाच एका पेडलातला व्हॉल्व्ह नुसता पेटता ठेवून त्याच्या बाकीच्या वायरी काढून ठेवल्या होत्या; आवाज सगळा चिपचा होता. वाजवणारा म्हणाला, "व्हॉल्व्हचा फरक कानाला कळतोच हो." मी त्याला काही सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं असतं, आणि मला तर फारच छान वाटत होतं.

तेव्हा माझी तत्त्वं अशी. खिडकी नाही, लाईट नाही, बटणं तीनच. आणि सगळ्यात मोठं तत्त्व म्हणजे बायपास नाही. बाकी प्रत्येक पेडलाला पायाने दाबायचा एक स्विच असतो, तो दाबला की डबा मधून बाजूला होतो आणि गिटारचा आवाज सरळ पुढे जातो. मला हा माझा अपमान वाटायचा. ज्याला माझा आवाज मध्येच बंद करावासा वाटेल त्याने मुळात घ्यावाच कशाला? ही तत्त्वं मी येईल त्याला ऐकवायचो. विहिरीवरची मोटार रिवाइंड करायला आलेल्या माणसालाही मी बायपासविषयीची माझी भूमिका समजावून सांगितलेली आहे. तो बिचारा मोटार न्यायला पुतण्याला पाठवू लागला.

अशा थोर माणसाकडे एक दिवस नाना आले. पारनेर तालुक्यातले, पन्नाशीचे. सकाळी गावच्या डेअरीत दुधाचं फॅट मोजायचे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. एकाच ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं. सगळे त्यांना नानाच म्हणत, मीही म्हणू लागलो. गाळ्याच्या दारात चपला काढून ते आत आले, आणि खाली तारांचे तुकडे पडलेत म्हणून मी त्यांना परत घालायला लावल्या.

"भाऊ," ते म्हणाले, "आमच्यात नवा कीबोर्डवाला आलाय. पोरगं गुनी हाय. डाव्या हातानं बेस वाजवतं आन उजव्यानं बाकीचं समदं. मालक म्हनले, नाना, हा सीझन बगू, मंग तुमचं काय ते ठरवू. तवा माझा आवाज असा करून द्या, की मी हाय हे कळलं पायजे."

काम इतकं स्वच्छ शब्दांत मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी त्यातला फक्त "आवाज" हा शब्द उचलला.

"आन समोर येखांदी लाईट बसली तर बगा," नाना पुढे म्हणाले. "मालकाला दिसंल, काय तरी नवं हाय."

यावर मी त्यांना एलईडी या विषयावर पाऊण तास ऐकवलं. डेअरीच्या वार्षिक सभेत चेअरमनचं ऐकावं तसं त्यांनी ते मान हलवत ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुमी म्हनाल तसं."

पुढे आठ महिने मी म्हणेन तसं चाललं. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला चाळीसेक वेळा थरथरते, आणि आपल्या घरातली वीज पन्नास वेळा. दोघं अगदी भिंतीला भिंत लावून राहतात. विजेची घरघर, जिला आम्ही हमिंग म्हणतो, ती काढायला जावं तर तारेचा आवाजही पातळ होतो. तेव्हा मी ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. पहिला घरघरला. दुसरा घरघरला नाही, पण त्यावर पापड भाजून निघाला असता. तिसरा मेणात बुडवून काढला तेव्हा कुठे गप्प बसला. नाना दर पंधरा दिवसांनी डेअरी उरकून मोटारसायकलवर येत. मी म्हणायचो, "जाड तार छेडा." ते छेडायचे. मी स्क्रीनवरच्या हिरव्या रेषेकडे बघत म्हणायचो, "परत." ते परत छेडायचे. "आणखी हळू." एकदा सलग दोन तास असं झाल्यावर ते म्हणाले, "भाऊ, म्हशीची धार सुदिक आमी एवढा वेळ काढत न्हाई." मी हसलो आणि म्हणालो, "परत."

पेडल तयार झालं. कारखान्याच्या पॅनलला असतो तसल्या करड्या जंक्शन बॉक्समध्ये बसवलेलं, तीन किलो वजनाचं, बघणाऱ्याला पाण्याच्या टाकीचा स्टार्टर वाटेल असं. मला ते फार देखणं वाटत होतं. नानांनी ते चारी बाजूंनी फिरवून बघितलं.

"बंद कुटनं करायचं?"

"बंद करायचंच नाही."

त्यांनी ते गोधडीत गुंडाळलं आणि मोटारसायकलच्या टाकीवर पुढ्यात घेऊन गेले.

पहिलं वाजवणं सुप्याच्या अलीकडच्या एका लॉनवर होतं. दुपारचं लग्न. तंत्रज्ञ म्हणून मला कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे मी तंत्रज्ञ म्हणून गेलो. ऑर्केस्ट्राचे मालक स्वतःच गायक आणि स्वतःच निवेदक. आपल्याकडच्या लग्नात गाणं हे पाहुण्यांची नावं पुकारण्यात पडलेली फट बुजवण्यासाठी असतं. गाणं अंतऱ्यात शिरलं की कुणीतरी माजी सदस्य लॉनमध्ये शिरत. मालक सूर तिथेच सोडून त्यांचं आगमन जाहीर करत, स्वागत करत, आणि पुन्हा त्याच सुरावर येऊन उभे राहत. हे मात्र कसब होतं, मी नाकारत नाही. मुहूर्त केव्हाच टळला होता आणि शुभाशीर्वाद देणारे अजून चारजण रांगेत होते.

साउंडवाल्याने आपला मिक्सर आणि कीबोर्ड यूपीएसवर घेतला होता. पेडलासाठीही त्याने जागा देऊ केली. मी ती नाकारली. स्वस्तातल्या यूपीएसची वीज खडबडीत असते, हमिंग येतं. मी पेडल थेट लॉनच्या बोर्डावर लावलं, मिक्सरशेजारी उभा राहिलो आणि एका कानाला हेडफोन लावला. हमिंग नव्हतं. टिचकीभरसुद्धा नव्हतं. आठ महिन्यांचं सार्थक झालं म्हणून मी साउंडवाल्याला खूण केली. त्याला वाटलं मला पाणी हवंय.

मग अक्षता पडल्या, जेवणं बसली आणि लाईट गेली. लॉनवर याचं कुणाला काही वाटत नाही, दहा सेकंदांत जनरेटर सुरू होतो. झाला. स्पीकर घुमले, मालकांनी जिथे सोडली होती तिथून ओळ उचलली, ढोलकी आली, कीबोर्ड आला. नानांनी तार छेडली आणि काहीच आलं नाही.

व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. आतली तार लाल व्हावी लागते, मगच तो कामाला लागतो. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? बारा वर्षं रोज गाळ्यात स्विच टाकून मी चहा घेतो, चहा संपेपर्यंत तो तापलेला असतो. गाणं चहासाठी थांबत नाही, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

नानांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा पाय डब्यावर चाचपडू लागला. साध्या पेडलाला तिथे स्विच असतो. दाबला असता तर आवाज सरळ पुढे गेला असता. तिथे माझं तत्त्व होतं.

कीबोर्डवाल्या तरुणाच्या हे लक्षात आलं. कुणी न सांगता त्याचा डावा हात खाली सरकला आणि त्याने बेस भरून काढला. नानांकडे बघून त्याने मान हलवली, काळजी करू नका अशा अर्थाने. नानांनी छातीशी हात नेऊन त्याचे आभार मानले. त्या लॉनवर त्या दिवशी एवढं सभ्य दुसरं काही घडलं नाही. अर्ध्या मिनिटाने व्हॉल्व्ह तापला, नाना वाजवू लागले, त्याने हात काढून घेतला. एकाही पाहुण्याचा घास हातात राहिला नाही.

पुढच्या तासाभरात लाईट आली आणि परत गेली. दोन्ही वेळा वीज बदलताना डबा थंड पडला, दोन्ही वेळा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने सांभाळून घेतलं. शेवटच्या वेळी मालक गाता गाता मागे वळले. नानांचा हात तारेवर नुसता ठेवलेला होता आणि गाणं भरलेलं चाललं होतं. मालकांनी ते पाहिलं, आणि त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं. मी तेव्हा काय केलं असेल? हेडफोन घट्ट दाबून पुन्हा हमिंग ऐकलं. नव्हतं.

जेवणं उठली, सामान आवरायला लागलं. मालक आमच्या बाजूला आले. वाईट माणूस नव्हता तो. आवाज उतरवून म्हणाले, "नाना, राग मानू नका. पयल्यांदा लाईट गेल्ती तवा तुमचं बंद हुतं, ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई. साउंडवाल्यानं सांगितलं तवा मागनं मी मुद्दाम बगितलं. कुनाच्याच ध्यानात आलं न्हाई. आता म्या काय करावं, तुमीच सांगा."

नाना म्हणाले, "तुमचं बरूबर हाय." मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मंडपवाल्याने हाक मारली तसे ते गेले.

माझ्याकडे खुलाशांची यादी तयार होती. जनरेटर, लॉनचा बोर्ड, साउंडवाल्याची वायर, पुढच्या पेडलात घालायची बॅटरी. एकाही खुलाशात मी नव्हतो.  नाना खाली बसून डबा गोधडीत गुंडाळत होते, कोपरे नीट दुमडून. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग वर न बघता ते म्हणाले, "भाऊ, ते जाऊ द्या. बावीस वर्सं झाली, बेस कळनारं मानूस आमच्या कार्यक्रमाला कदी आलंच न्हाई. आज तुमी आलता. मी वाजवलं कसं?"

"हमिंग अजिबात नव्हतं, नाना," मी म्हणालो.

ते थांबले. मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी आठवून पाहिलं. दोन तासांत त्यांनी कोणती गाणी वाजवली, कुठे जोर दिला, कुठे सोडून दिलं, यातलं काहीही मला सांगता येईना. मी एका कानाने घरघर शोधत होतो आणि दुसऱ्याने मालक कुणाकुणाची नावं पुकारतात ते ऐकत होतो. हा माणूस आठ महिने माझ्यासमोर बसून वाजवत होता आणि मी त्याचं एक गाणंही ऐकलं नव्हतं. मला लाज वाटली. आजही वाटते. "छान वाजवलंत" एवढं खोटं बोलायला काय हरकत होती? गिऱ्हाइकांशी तर मी रोजच बोलतो.

नानांनी गोधडीला गाठ मारली, डबा टाकीवर घेतला आणि किक मारली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी दोन पावलं पुढे झालो.

"नाना, आडवा नका ठेवू," मी म्हणालो. "व्हॉल्व्हला धक्का बसतो."