राफेलकाकांचं कडू मीठ

पनवेलच्या त्या गल्लीत राफेल आपटेकर सकाळी फाटकात उभे दिसले की दूधवाला सायकलवरून खाली उतरायचा. आदरानं नव्हे, धास्तीनं. दुधात पाणी किती ते सांगणारी काचेची नळी काकांच्या खिशात असायची आणि ती बाहेर काढायला त्यांना कसलंच निमित्त लागत नसे. रसायनीकडच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये सगळी नोकरी झालेली. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं लोटली तरी अंगातली खोड गेली नव्हती. मध आणला, घाल पाण्यात. हळद आणली, चोळ कागदावर. सगळी गल्ली त्यांना लॅबवाले काका म्हणायची, आणि खरं सांगायचं तर काकांना ते नाव मनापासून आवडायचं.

अशा माणसाच्या घरात एक डबा मात्र असा होता, की त्याला हात लावायची त्यांची टाप नव्हती. तो म्हणजे मिल्काकाकूंचा मिठाचा डबा.

आपटेकर म्हणजे कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. पनवेलात पूर्वी त्यांची बरीच घरं होती. एकेक करत मंडळी इस्राएलला गेली आणि आता मोजकी उरली होती. काकूंच्या घरी मटण आलं की आधी ते पाण्यात भिजायचं, मग जाड मीठ चोळून तिरप्या फळीवर ठेवायचं, रक्त वर्ज्य म्हणून ते सगळं निथळू द्यायचं आणि मग पाण्यावर पाणी बदलून धुवायचं. त्याशिवाय ते गॅसवर चढायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लागले की पावाचा पहिला तुकडा मिठाला लावून तोंडात टाकायचा. या सगळ्याला मीठ लागायचं ते दमयंतीचंच.

दमयंती ही उरणच्या बाजूची, खाडीकाठची कोळीण. शुक्रवारी पाटी घेऊन गल्लीत यायची. पाटीत बोंबील, मांदेली, जे काय मिळालं असेल ते, आणि कडेला पिशवीत मिठागरातलं मीठ. खडेच्या खडे, जरा मळकटच. काकूंच्या मते त्या मिठाला गोडवा होता. पुड्यातल्या मिठाला त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही. डॉक्टरांनी आयोडीनचं सांगितलंय म्हणून काकांनी भांडून भांडून स्वतःपुरती एक छोटी डबी मिळवली होती. तिच्यातलं मीठ ते गुपचूप उकडलेल्या अंड्यावर शिंपडत.

मिठाला गोडवा, हे ऐकलं की काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग व्याख्यान सुरू. दमयंतीचं मीठ येतं कुठून? उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवायचं, उन्हानं आटवायचं, की झालं मीठ. पुड्यातलं येतं कुठून? तेही समुद्रातूनच, बरंचसं गुजरातच्या किनाऱ्यावरून. फक्त ते धुतात, बारीक करतात आणि आयोडीन घालतात. उपासाचं सैंधव खाणीतून काढतात खरं, पण तेसुद्धा कोण्या काळी आटून गेलेल्या समुद्राचंच. सगळी एकाच घरची भावंडं. मीठ ते मीठ.

काकू हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, झालं? मग ती फळी तेवढी धुऊन आणा. असा त्यांचा संसार चाळीस-पंचेचाळीस वर्षं मजेत चालला होता.

घोटाळा झाला तो दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत, आणि तोही फोनवर. त्यांचा एकुलता एक मुलगा नोम अश्दोदला असतो. शुक्रवारी त्याला सुट्टी, त्यामुळे सकाळचा फोन ठरलेला, आणि फोनवरचा विषयही ठरलेला: पप्पा, आता इकडे या. निवृत्त झाले त्या वर्षी काकांनी उत्साहाच्या भरात येतो म्हणून शब्द देऊन टाकला होता आणि तेव्हापासून आज-उद्या करत होते.

त्यांना जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. संध्याकाळी वडाळे तलावाच्या कट्ट्यावर बसून जगाला नावं ठेवायची, बाजारात तराजूवाल्याशी हुज्जत घालायची, हे सगळं सोडून कुठं जायचं? तिथं दूधवाल्याला झापायचं तर ते हिब्रूत झापावं लागणार, आणि काकांचं हिब्रू प्रार्थनेपुरतं. पण हे बोलणार कोणाजवळ? पोराला शब्द दिलेला. आणि मिल्काचा जीव नातवंडांत अडकलाय, ही त्यांची पक्की समजूत. आपल्यापायी तिला अडवून ठेवायची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती. म्हणून ते मूग गिळून गप्प होते.

त्या शुक्रवारी नोमनं पुन्हा विषय काढला तेव्हा काकू म्हणाल्या, मी कुठंही येईन बाबा, पण तिथलं मीठ मला चालायचं नाही. नोम हसायलाच लागला. म्हणाला, मम्मी, इथं तर अख्खा समुद्र मिठाचा आहे. आणि मग त्यानं बापालाच कोंडीत पकडलं. तुम्हीच म्हणता ना पप्पा, मीठ ते मीठ? मग मम्मीला डोळे मिटून दमयंतीचं मीठ ओळखायला लावा. नाही ओळखता आलं, तर दोघांनी यंदा यायचं. ओळखलं, तर मी परत विषय काढणार नाही.

"कबूल," काकू म्हणाल्या.

आता काकांची पंचाईत बघा. जन्मभर घसा कोरडा करून जे सांगितलं, तेच आता त्यांना पनवेलमधून उठवणार होतं. तिन्ही मिठं सारख्या मापानं पाण्यात विरघळवली तर मिल्काच काय, कोणालाच फरक कळणार नाही, हे त्यांना स्वच्छ माहीत होतं. मापात खोट करावी, तर तो हात त्या कामाला वळेना. दोन-तीन दिवस माणूस जेवणात लक्ष नसल्यासारखा वागत होता. काकूंना वाटलं, पोटाचं काहीतरी झालंय, म्हणून त्यांनी ओवा दिला. काकांनी मुकाट्यानं चावला.

ओवा चावता चावता त्यांना सुचलं. नवं मीठ! मिठागरातून ताजं काढलेलं मीठ जरा कडवट असतं, कारण त्यात मॅग्नेशियमचा क्षार राहिलेला असतो. ढीग पावसाळाभर झाकून ठेवला की तो क्षार पाणी होऊन झिरपून जातो. म्हणजे दमयंतीचंच मीठ, पण नवं. माप चोख, मीठ खरं, आणि चव अशी की मिल्काला डोळे मिटून कळावी. यात खोटं काय? काहीच नाही. काकांनी स्वतःला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा स्वतःला माफ केलं.

बुधवारी ते उरण नाक्यावर गेले. दमयंती आठवड्यात दोन दिवस तिथं बसायची. नवं मीठ आहे का, म्हणून त्यांनी हळूच विचारलं.

"हाय, पण ते नका नेऊ काका," दमयंती म्हणाली. "कडू लागतंय. सुक्या मासळीवाले नेतात ते."

काकांनी तेच हवं म्हणून सांगितलं, वर आणखी, काकूला बोलू नकोस असंही बजावलं. दमयंतीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू म्हातारा उन्हानं जरा बहकलाय. पण पिशवी भरून दिली.

शुक्रवार उजाडला. काकांनी टेबलावर तीन ग्लास मांडले, बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या, वजनकाट्यावर मीठ मोजून पाणी ओतलं. एकात दमयंतीचं नवं, एकात सैंधव, एकात पुड्यातलं. फोन स्पीकरवर, पलीकडे नोम. दारात दमयंती आली होती. तिला काकूंनी साक्षीदार म्हणून बसवून घेतलं आणि ती उंबऱ्यापाशी बोंबील साफ करत बसली. काकांना मनातून उकळ्या फुटत होत्या.

काकूंनी डोळे मिटले. पहिल्या ग्लासातला घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं, की काकांना वाटलं, जिंकलो.

"शी, हे काय कडूजार," काकू म्हणाल्या. "हे दमयंतीचं असूच शकत नाही."

काकूंनी दुसऱ्यातला घोट घेतला, मग तिसऱ्यातला. तिसऱ्यापाशी थांबल्या, परत एक घोट घेतला आणि समाधानानं म्हणाल्या, "हे. हे माझ्या दमयंतीचं. गोडवा आहे याला."

काकांनी ग्लास उचलून बुडाची चिठ्ठी वाचली. पुड्यातलं. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला, की नोमला दोनदा विचारावं लागलं. मग फोनमधून आनंदाची आरोळी आली. काका खुर्चीत बसले. अतिशहाणपणा नडला म्हणतात तो असा. तलाव, कट्टा, दूधवाला, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि त्यांना अक्षरशः रडू येईल असं वाटलं.

दमयंती हात पुसत उठली. तिनं पहिल्या ग्लासात बोट बुडवून चाखलं.

"काकी, हे माझंच हाय की. पण हे नवं. काकांनी परवा नाक्यावरून नेलं. मी बोलले कडू हाय, तर बोलतात तेच पायजे." आणि मग जरा दुखावल्यासारखी म्हणाली, "तुमाला मी कदी नवं दिलंय काय? पावसाळा काढलेलं जुनं मीठ तुमच्यासाटी बाजूला काढून ठेवते मी. इतकी वर्सं."

काकूंनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे पाहिलं. दुधातलं पाणी ओळखणारा माणूस, याला नवं मीठ कडू असतं हे माहीत नसेल? मग मुद्दाम तेच का आणलं? काकूंना हिशेब लागायला फार वेळ लागला नाही.

"मी ओळखावं म्हणून आणलंत?"

काकांनी मान हलवली. नजर टेबलाच्या कडेला.

"मला जायचं नाहीये, मिल्का," ते म्हणाले. "मला पनवेल सोडायचं नाहीये."

फोन चालूच होता. काकूंनी कपाळाला हात लावला, आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाशी धरला. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून काकांनी आ वासला. त्यांनाही जायचं नव्हतं. यांनी पोराला शब्द दिलाय, तो आपल्या हट्टानं मोडू नये, म्हणून बिचारीनं मिठाचं तुणतुणं लावलं होतं. नातवंडांची आठवण यायची, खूप यायची, पण त्यांना इथं बोलावता येतं की.

पलीकडे नोमनं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, अहो, तुम्ही दोघं तिथं एकटे पडलात म्हणून मी मागे लागलो होतो. राहा आनंदानं. दिवाळीत आम्हीच येतो, पोरांना घेऊन. हे ऐकल्यावर काकूंनी दमयंतीला जेवायलाच थांबवून घेतलं.

काकांचा जीव भांड्यात पडला तशी त्यांची जीभही सुटली. खुर्चीत सरसावून बसत ते म्हणाले, पण एक गोष्ट तर सिद्ध झाली ना, पुड्यातलं मीठ तुला दमयंतीचं वाटलं, म्हणजे कडू क्षार निघून गेला की मीठ ते...

"फळी धुऊन आणा," काकू म्हणाल्या. काका उठले आणि शीळ घालत फळी धुवायला गेले.

उरलेल्या नव्या मिठाचं काय करायचं, तेही दमयंतीनंच सांगून टाकलं. टोपलीत घालून टांगून ठेवा, खाली भांडं ठेवा, पावसाळी हवेत कडू पाणी आपोआप गळून जाईल. काकांनी मागच्या पडवीत हूक ठोकला आणि टोपली टांगली. पावसाळ्यात टोपलीतून थेंब पडायला लागले, आणि लॅबवाल्या काकांना नवीन काम मिळालं. रोज सकाळी दूधवाल्याला सोडून ते आधी पडवीत जायचे, टोपलीतला एक खडा जिभेवर ठेवायचे आणि बक्षीस लागल्यासारखे आत ओरडून सांगायचे, अजून कडू आहे गं.

"होईल दिवाळीपर्यंत गोड," काकू आतून म्हणायच्या.

"होऊ दे सावकाश," काका म्हणायचे. "आपण इथंच आहोत."