अर्ध्यावर थांबलेला हात

चूक माझी होती, भाऊजींच्या बंदुकीची नव्हती. काल बायकोनं शिलाई मशीनला तेल दिलं आणि त्या वासानं मी एकोणीसशे सत्तरच्या सुमाराच्या एका सकाळी, नागपूरबाहेरच्या गोळीबाराच्या मैदानावर जाऊन पोचलो.

मौद्याचे भाऊजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, त्यांची पंप ॲक्शन बंदूक मला विकणार होते. इतकी चांगली वस्तू हे का देताहेत, हा किडा माझ्या डोक्यात होता. बंदुकीला भरपूर तेल लावलेलं दिसलं, तेही मला काहीतरी लपवण्यासाठीच वाटलं.

मी बार काढला. रिकामं काडतूस बाहेर पडावं म्हणून नळीखालचा लाकडी दस्ता मागे ओढला, तर ते आतच अडकलं. पुन्हा तसंच.

"साळेबुवा, पुरा मांगं ओढा ना! शेळीचं दूध काढल्यावानी काहून करून राहिले?" भाऊजी हसले. त्यांनी स्वतः सगळे बार न अडकता काढून दाखवले.

तरी मी सोबत आलेल्या बहिणीसमोर म्हणालो, "खराब माल घरच्याच माणसाच्या गळ्यात बांधता काय?"

त्यांचं हसू मावळलं. बंदूक पुसून त्यांनी खोळीत घातली. त्यानंतर बहीण भाऊबीजेला कधी माझ्याकडे आली नाही.

आता आठवताना मला माझाच हात दिसतो, संशयानं अर्ध्यावर थांबलेला.

आज सकाळी मौद्याला गेलो. बहिणीला अंगणात बोलावलं आणि भाऊजींच्या पाया पडलो.

"बंदूक चांगली होती, भाऊजी. मलेच चालवता येत नव्हती, अन् खोटं तुम्हाले ठरवलं. हिच्यासमोर बोललो होतो, हिच्यासमोरच माफी मागतो."