चुकून लागलेलं बोट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही आमच्या भावकीतले नाही, म्हणून असेल.

फोनवर मला लिहिता येत नाही. बोट दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं — आवाज जातो. एवढंच शिकले. भावकीच्या ग्रुपवर मी असंच बोलते. कडेगावपासून कुपवाडपर्यंतची सगळी घरं त्यात आहेत.

सुशीला माझी धाकटी जाऊ. तिच्या सुनेला मूल होत नव्हतं, आणि लोक सुनेलाच बोल लावायचे. एका दुपारी सुशीला आली, दार लोटलं आणि रडायला लागली.

"आक्का, पोरीत कायबी न्हाई वो. डॉक्टर म्हनला, दोष माझ्या लेकात हाय. तुमच्या पोटात ठेवा."

पोटात ठेवा — आणि फोन माझ्या मांडीवर होता, पदराखाली.

माझी लेक मंगलही मूल नाही म्हणून माहेरी आलेली. त्या वर्षी हळदीकुंकवाला सुशीलानं सगळ्यांच्या ओट्या भरल्या. मंगलनं पदर पसरला, तर ही तांदळाचं ताट घेऊन पुढं गेली. हे कारण म्हणून सांगते का? नाही. सुशीला रडत होती तेव्हा तो रिकामा पदर मला दिसत होता, एवढंच.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. पुसून टाकता येतं म्हणे — मी पुसलं नाही. पुतण्या, सुशीलाचा लेक, कुपवाडला कारखान्यात आहे. तो डबा उघडून बसला होता, तेव्हा कोणीतरी ते मोठ्यानं लावलं. आईचं रडणं, सगळ्यांसमोर. आता तो तिकडंच खोली घेऊन राहतो. जत्रेलाही येत नाही.

आणि सुशीला काय म्हणाली? "आक्कांचं बोट लागलं आसंल. त्यास्नी काय कळतंय त्यातलं." लोक हसले. मीही मान हलवली — व्हय, लागलं आसंल.

आता कोणी आलं की आधी विचारतं, "म्हातारे, फोन कुठं हाय तुझा?" तो फळीवर गेल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. सुशीला तेवढी विचारत नाही. काल आली, फोनशेजारीच बसली, लेकाबद्दल बोलत राहिली.

चुकून लागलेलं बोट एवढा वेळ टिकतं का? कोणालाच कसं सुचलं नाही?

तिनं डोळे पुसून नाक शिंकरेपर्यंत मी बोट दाबून धरलं होतं. मग सोडलं.