मालकांवर डोळे वटारणारा दिवा

मालगुजारी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी बाबांनी मोटार घेतली. गावं सरकारजमा झाली होती, पण लोकांचा वाकून रामराम अजून जमा व्हायचा राहिला होता. वाकलेल्या माणसांसमोरून बैलांच्या दमणीत बसून जाणं बाबांना आता कमीपणाचं वाटू लागलं. पुलगावकडे कापसातून सरकी काढायचं जिन चालवणाऱ्या एकाची ती जुनी विलायती गाडी. कापसाचे तीन-चार हंगाम ती जिनाच्या आवारातच उभी होती. बाबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, हॉर्न वाजवून पाहिला, आणि आवाज खणखणीत आहे त्या अर्थी गाडी निरोगी आहे असा निकाल दिला. अशी ती कारंज्याजवळच्या आमच्या गावी आली.

ड्रायव्हर म्हणून दमणीच्या गाडीवानालाच बसवलं. जिनवाल्याच्या ड्रायव्हरकडून तो महिनाभर शिकून आला होता. बैल आणि इंजिन यांत त्याने कधी भेदभाव केला नाही. दर दोन-तीन कोसांवर मोटार झाडाखाली उभी करायची, बॉनेटवर तळहात ठेवून ताप बघायचा, निवली की पाणी पाजायचं. लोक हसायचे. पण गाडीचं दुखणं साऱ्या गावात त्याला एकट्यालाच कळत होतं.

कळत होतं, पण बोलायची सोय नव्हती. मालकांच्या वस्तूत खोट निघत नाही, अशी आमच्या घरची रीतच होती. बाबांचं घड्याळ मागे पडलं की घर उशिरा जेवायचं. त्यांचा घोडा लंगडायला लागला तेव्हा तो ऐटीत चालतो असं बैठकीत एकमताने ठरलं होतं. घोडा तेवढा बैठकीत नव्हता.

एकदा आर्वीला जाताना गाडीच्या चाकामागच्या, काट्यांच्या पाटीवरचा लाल दिवा पेटला.

"हा काऊन पेटून राह्यला रे?" बाबांनी विचारलं.

"मालक बसले की लागते जी तो," गाडीवान म्हणाला.

बाबा आठ दिवस खूश होते. आल्यागेल्याला गाडीत बसवून दिवा दाखवायचे. बैठकीत रोज येणारे पटवारी म्हणाले की असा दिवा फक्त मोठ्या साहेबांच्या गाड्यांना असतो. शेजारच्या, पाण्याचा ताप दाखवणाऱ्या काट्याचाही अर्थ त्यांनीच लावला. काटा टोकाला गेला म्हणजे गाडी पुऱ्या जोरात आहे! नवव्या दिवशी मात्र बाबांचं मन फिरलं. रस्ताभर तो लाल ठिपका त्यांच्याकडे एकटक बघत होता.

"हा मले डोळे वटारून पाह्यते," ते म्हणाले. "काढून टाक त्याले."

गाडीवानाने बल्ब काढला. बैठक म्हणाली, आता गाडी शांत दिसते.

त्या संध्याकाळी विहिरीवर गाडीवानाने मला खरं काय ते सांगितलं. "ताई, जिनवाल्याच्या डायवरनं मले बजावलं होतं. गाडी चालू असताना तो दिवा लागला, त पट्टा ढिला झाला समजायचं. त्याच पट्ट्यावर समोरचा पंखा फिरते, त्याच्यावरच पाण्याचा पंप चालते. तो कसाले गाडी मिस्त्रीकडे न्या लागन, पण मालकाले कोन सांगन?"

"तू सांग."

"तुमी सांगा न."

दोघांनीही सांगितलं नाही. त्याला नोकरी होती. मला नागपूरची मुलाखत होती. मी मॅट्रिक झाले होते, मास्तरणींच्या ट्रेनिंगसाठी बोलावणं आलं होतं, आणि बाबांनी महिनाभर मिनतवाऱ्या करवून घेऊन होकार दिला होता. या खेपेला निवड झाली तर शीक, नाही झाली तर चैत्रात ठरवून ठेवलेलं लग्न. वर एक अट. मालगुजाराची मुलगी बसमध्ये लोकांच्या मांडीला मांडी लावून जाणार नाही, बाबांच्या मोटारीतून जाईल. अशा वेळी त्या मोटारीला नावं ठेवायला मी काय वेडी होते? शहाणी होते, म्हणून गप्प बसले. लबाडीला शहाणपण म्हणायची सोय आमच्या घरात होतीच.

जूनचा पहिला आठवडा. मुलाखत दुपारी बाराला, आम्ही सकाळी सातला निघालो. गाडीवान नेहमीसारखा झाडं शोधू लागला, तर बाबा म्हणाले, "आज थांबायचं नाई. पोरीले उशीर होईन." ते हे माझ्यासाठी म्हणाले आणि मला गलबलून आलं. तरी तोंड उघडलं नाहीच. पाण्याचा काटा टोकाला जाऊन बसला होता. बाबांनी तो मला कौतुकाने दाखवला.

कोंढाळीच्या अलीकडे इंजिनातून आधी खडखडाट आला, मग वाफ, आणि एका ढाब्यासमोर गाडी उभीच राहिली. गाडीवान घागर घेऊन धावला तसा खाटेवर चहा पीत बसलेला एक सरदारजी ट्रकवाला ओरडला, "ओए, ठंडा पानी मत डाल! इंजन फट जाएगा!" त्याने बॉनेट उघडलं. पट्टा तुटून खाली लोंबत होता. मग तो वाकून समोरच्या जाळीत डोकावला, तारेचा तुकडा घातला आणि ओढू लागला. आतून कापूस निघाला. तेलात, धुळीत मळून जाड घोंगडीसारखा घट्ट झालेला, जिनाच्या आवारात तीन-चार हंगाम उडून बसलेला कापूस. एक उशी सहज भरली असती. वारा आत शिरायला जागाच नव्हती.

"बाऊजी," तो बाबांना म्हणाला, "इसमें लाल बत्ती होती है. जली नहीं थी?"

बाबांनी गाडीवानाकडे बघितलं. गाडीवान घागरीकडे बघू लागला. दहा वाजत आले होते, आणि माझे मात्र रस्त्यावरच बारा वाजायची वेळ आली होती.

"लागला होता दिवा," मी म्हटलं. "तुमीच काढाले लावला, बाबा. मले मालूम होतं कायचा हाय तो."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बाबांचा चेहरा नुसता उतरला. "मंग सांगतलं काऊन नाई मले?"

"तुमाले सांगते कोन, बाबा?"

मला त्यांचा राग आला होता, त्याहून जास्त माझा स्वतःचा. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून या माणसाला होयहोय म्हणत आंधळं करून ठेवलं होतं.

तेवढ्यात कारंज्याकडून नागपूरची बस आली. भरगच्च, थांबायच्या बेतात नव्हती. बाबा धोतर सावरत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बस कशीबशी थांबली आणि कंडक्टर दारातून ओरडला, "बुडे बाबा, मराले आले का? बाजूले व्हा!"

आमच्या भागात बाबांशी असं बोललेला माणूस मी पाहिला नव्हता. बाबांनी हात जोडले. "भाऊ, पोरीची मुलाखत हाय. उभी राहीन ते. तेवढी घेऊन जा."

मी पोहोचले, ट्रेनिंगला घेतलं त्यांनी मला, आणि पुढे जन्मभर मास्तरीण झाले, ते राहू द्या. माझ्या मनातून जात नाही ती त्यानंतरची घटकाभर. मी पायरीवर चढले होते, माझी पेटी आत गेली होती आणि बाबांनी दाराची दांडी धरून ठेवली होती.

"वेळेवर पोचशीन न?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात अशा प्रश्नाला एकच उत्तर असायचं. ते माझ्या ओठांपर्यंत आलंही.

"सांगता येत नाई, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि दांडी सोडून ते बाजूला झाले.