हात रिकामं हाईत

मामांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकात एक अडकवून ठेवले.

समोर पायरीवर मुरगूडकडची एक बाई बसली होती. मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी. मुलीची मान एका बाजूला पडली होती, ओठ निळे झाले होते. गाडीवाल्यानं ताप बघून दोघींना अर्ध्या वाटेतच उतरवलं होतं. उरलेली वाट बाई मुलीला खांद्यावर टाकून चालत आली होती. तिचे पाय धुळीनं पांढरे झाले होते.

"हात ठिवा म्हाराज," ती म्हणाली. "एकदाच हिच्या डोक्यावर हात ठिवा. मग जगू दे न्हायतर मरू दे."

"हात रिकामं हाईत, बाई," मामा म्हणाले. "त्यात काय न्हाय."

गल्लीतली माणसं जमली होती. कुणीतरी मागून म्हणालं, "माणूस हाय का धोंडा?" मी माझ्या दारात उभी होते. मलाही तसंच वाटलं. मी म्हटलं, "ठेवा की हो मामा. हात काय झिजतोय का?"

"झिजत न्हाय, पोरी," ते म्हणाले. "फुगतोय."

असा माणूस तुमच्या गल्लीत असता तर तुम्हीही त्याला शिव्याच दिल्या असत्या. म्हणून आधीचं सांगते.

ते मानमोडीच्या तापाचं साल होतं. कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि साहेबलोकांची लढाई लांब कुठंतरी संपत आली होती. सकाळी बाजारात भेटलेलं माणूस दुसऱ्या दिवशी खांद्यावरून जाताना दिसायचं. आमच्या ख्रिस्ती गल्लीत तर रडायलाही कुणात जोर उरला नव्हता. माझा नवरा मिशनच्या बंगल्यावर माळी होता. मी नुकतीच तापातून उठले होते. भिंत धरून चालायची.

मामा आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. मंडळीत ते उपदेशक होते, म्हणजे पाळकांच्या हाताखालचे. खेड्यापाड्यांत जाऊन देवाचं वचन सांगायचं, हे त्यांचं काम. नेसरीकडचा माणूस, उंच, वाकलेला, बायको लवकर गेलेली. मूलबाळ नव्हतं.

उपदेश त्यांना चांगला येत नव्हता, हे आताच सांगून टाकते. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची मला सवय नाही. मध्येच धागा सुटायचा, मग खोकायचे आणि म्हणायचे, "फुडचं तुम्हास्नी ठावं हाय." आणि खाली बसायचे. आम्हा बायकांना ते फार आवडायचं, कारण पाळकांचा उपदेश चुलीवरचं कालवण करपेपर्यंत चालायचा. एकदा पाळकीणबाईंनी त्यांना चिडवलं, "आज आवाज छान लागला होता हो तुमचा." तर म्हणाले, "आवाज त्येचा. खोकला तेवढा माझा."

कुठलीही अडचण आली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. चुलीपुढं उकिडवं बसायचं, डोळे उघडेच ठेवायचे आणि म्हणायचं, "बाबा, तू तुझं बघ. मी पाणी तापवतो." मला बरेच दिवस वाटायचं की घरात पाहुणा आलाय. मग कळलं की ही त्यांची प्रार्थना. भिंतीला पोपडे गेलेले, सगळं ऐकू यायचं.

मानमोडी सुरू झाली आणि पलीकडच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याची बायको आजारी पडली. पिंजारी मुसलमान, पण मामांच्या गाद्या-उशा त्यानंच पिंजलेल्या, येणंजाणं होतं. मामा गेले, तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली आणि घरी आले. सकाळी ती उठून बसली आणि चहा मागितला. ताप उतरायचा होता म्हणून उतरला की प्रार्थनेनं उतरला, हे मला विचारू नका. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण पिंजाऱ्यानं ते बाजारभर केलं. कापूस पिंजावा तसं एका तोंडाचं शंभर तोंडी झालं.

मग एका जैन व्यापाऱ्यानं सुनेसाठी गाडी पाठवली. तीही बरी झाली. त्यानंतर गल्लीत माणूस मावेना. नेसरी, गडहिंग्लज, कुठून कुठून यायचे. नारळ आणायचे. ख्रिस्ती माणसाला नारळ! मामा म्हणायचे, "न्हाय, न्हाय, फोडू नका," तर ते म्हणायचे, "बरं, न्हाय फोडत, न्हुसता ठिवतो." मामांच्या घरात नारळांची रास झाली. लोक त्यांना ख्रिस्ती बुवा म्हणायला लागले.

एका सकाळी मामा माझ्या दारात आले. "पोरी, माझ्या चुलीतली राख तू नेलीस काय?"

"मी कशाला नेऊ? मला काय राखेचा दुष्काळ पडलाय?"

मग ध्यानात आलं. परड्यात टाकलेली राख लोक उचलून नेत होते. अंगारा म्हणून पोराबाळांना लावत होते, पाण्यात कालवून पाजत होते. मामा तिथंच माझ्या उंबऱ्यावर बसले. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. बायको गेली तेव्हासुद्धा नाही.

"माझा बाप भगत व्हता," ते म्हणाले. "अंगारा द्यायचा. सुरुवातीला स्वतःच हसायचा लोकांस्नी. मग लोक पाया पडाय लागले. मग बसायला सतरंजी घातली. मग त्येला सतरंजीबिगर बसवंना. माझी भण आजारी पडली, तवा वैद्य शेजारच्या गावात व्हता. बापानं तिला अंगारा दिला. तोवर त्येला सवताचं खरं वाटाय लागलं व्हतं."

"मग?"

"मग काय. फुडचं तुला ठावं हाय."

त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. राख रोज पहाटे स्वतः नेऊन उकिरड्यात कालवायचे. लोक आले की हात पाठीमागं जायचे. "हात रिकामं हाईत," एवढंच. आणि मग त्या माणसाच्या घरी घागर घेऊन जायचे, पाणी उकळून पाजायचे, आजाऱ्याची अंथरुणं धुवायचे. लोकांना ते नको होतं. धुणं काय कुणीही करतं. त्यांना हात पाहिजे होता.

मंडळीच्या कारभाऱ्यांना आमच्यात वडील म्हणतात. त्यातल्या एका वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. गर्दी बघून त्यांना फार आनंद झाला होता. इतक्या वर्षांत आमच्या ख्रिस्ती देवळात इतकी माणसं कधी आली नव्हती. त्यांनी देवळाच्या दारातल्या लिंबाखाली सतरंजी घातली आणि मामांना बोलावलं.

"इथं बसा. येणाऱ्यावर हात ठेवा, दोन शब्द सांगा. अहो, प्रभूचं काम आपसूक होतंय!"

मामांनी सतरंजी उचलली, दोनदा झटकली, खांद्यावर टाकली आणि घरी घेऊन आले. त्यांच्या ओसरीवर कुणीतरी तापानं फणफणलेला वाटसरू उघड्या जमिनीवर पडला होता, त्याच्याखाली घातली.

वडील मागोमाग आले. "शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. दुखणाइतांवर हात ठेवा म्हणून. तुम्ही शास्त्रापेक्षा शहाणे?"

"लिवलंय," मामा म्हणाले. "खरं हाय त्ये. पर ज्यानं लिवलं, त्येच्याकडं कोण बघतंय? समदी माझ्या हाताकडं बघत्यात."

"ही नम्रता नव्हे. हा गर्व आहे, उपदेशक."

मामांनी त्यावर बराच वेळ विचार केला. खरंच केला, नाटक नाही. मग म्हणाले, "आसंल. त्ये बी आसंल. लई दमलोय, वडील. गर्व कुठला आन नम्रता कुठली, आता दिसत न्हाय. अंथरूण घाण झालंय, तेवढं दिसतंय."

वडील गेले. दुसऱ्या रविवारी देवळात मामांचं नाव न घेता त्यांच्याविरुद्ध प्रार्थना झाली. मामांनी आमेन म्हटलं.

अशा दिवसांत ती मुरगूडकडची बाई आली.

हात ठेवत नाहीत म्हटल्यावर ती उठून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. पायरीवर बसून मामांना शिव्या द्यायला लागली. "तुझं हात झडू देत! पिंजाऱ्याच्या बायकूला ठेवलास, वाण्याच्या सुनंला ठेवलास, माझ्या पोरीचं डोस्कं काय काट्याचं हाय व्हय?"

मामा आत गेले. मला ऐकू आलं, "बाबा, बाई आलीया. तू तुझं बघ. मी पाणी तापवतो." मग बाहेर आले, तिच्या मांडीवरून मुलगी उचलून घेतली आणि आपल्या बाजेवर ठेवली. बाई शिव्या देतच आत गेली.

पोरगी वाचेल असं मला वाटत नव्हतं. छातीत खरखर वाजत होती. मामा चमच्यानं कोमट पाणी पाजायचे, थोडं आत जायचं, बाकीचं गालावरून मानेवर. पुसायचे, पुन्हा पाजायचे. पोरीला जुलाबही लागले होते. मामा कापडं बदलायचे, धुवायचे, वाळत घालायचे. मी पेज करून द्यायची. त्यापेक्षा जास्त माझ्यानं होत नव्हतं.

बाई कोपऱ्यात बसून त्यांचे हात बघत असायची. एकदा म्हणाली, "आता कसा लावतोय हात? घाण काढाय चालतोय, डोक्यावर ठिवाय चालत न्हाय?"

"घाण काढणाऱ्या हाताच्या कुणी पाया पडत न्हाय, बाई," मामा म्हणाले. "म्हणून चालतंय."

"देवाला घाबरतोस?"

"न्हाय. मला घाबरतो."

मग त्या बाईलाही ताप भरला. मामांनी तिला लिंबाखालून आणलेल्या त्या सतरंजीवर निजवलं आणि तिचंही करायला लागले. मी म्हटलं, "मामा, परक्या बाईमाणसाचं तरी मला करू द्या." तेवढं त्यांनी ऐकलं. मी भिंत धरत येत होते, भिंत धरत जात होते. गल्लीत कोण मेलं, कोण उरलं, आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं. मामा कधी कधी पाणी पाजता पाजता बसल्या जागी झोपायचे आणि हातातला चमचा तसाच उभा असायचा.

पोरीनं एका सकाळी डोळे उघडले आणि नारळांच्या राशीकडं बोट केलं. मामांनी एक नारळ फोडला. बुवाला आलेला, बुवानं कधी न फोडलेला. एवढासा तुकडा तिच्या हातात दिला. ती नुसती चोखत राहिली. मामा तिच्याकडं बघत भिंतीला टेकले ते टेकलेलेच राहिले. मी त्यांच्या कपाळाला हात लावला तर भाजलं.

बाज पोरीला दिलेली होती, म्हणून मामांना खालीच निजवलं. पिंजाऱ्यानं एक जुनी गादी आणून दिली आणि दारात उभा राहून रडला. मंडळीचे वडील आले, प्रार्थना म्हणाले आणि हात ठेवायला वाकले. मामांनी नको म्हणून मान हलवली. वडिलांना राग आला असेल, पण ते उठले नाहीत. बराच वेळ बसून गेले.

दुपारी मामांनी त्या बाईला हाक मारली. ती आता बसती झाली होती.

"बाई, जरा माझ्या कपाळावर हात ठिवा."

"म्या? माझ्या हातात काय हाय?"

"काय न्हाय. म्हणून तर."

"तुम्ही माझ्या पोरीवर ठेवला न्हाईसा," ती म्हणाली. "म्या कशापायी ठेवू?"

मामा हसले. तिचं म्हणणं त्यांना पटलं होतं. थोड्या वेळानं बाई बसल्या जागेवरून सरकत आली. तोंड दुसरीकडं करून तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. हात खरबरीत होता, खुरपं धरून घट्टे पडलेला.

"गार हाय," मामा म्हणाले.

एवढंच. दिवस मावळायच्या आत ते गेले. पेटी करायला सुतार उरला नव्हता. पिंजाऱ्याच्या गादीसकट पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं माझ्या परड्यात वाकलेली दिसली. "बुवाच्या चुलीतली राख कुठं हाय?" मी मामांच्या घरात गेले, चुलीत घागरभर पाणी ओतलं, सगळा चिखल केला आणि वरून शेणानं सारवून घेतलं. म्हटलं, "आता चाटा." ती माणसं मला शिव्या देत गेली. मग हळूहळू लोक यायचे थांबले. आणि तापही थांबला.

बाई पोरीला घेऊन गावी गेली. नंतर ती बाजाराला आली की माझ्याकडं पाणी प्यायला थांबायची. एकदा असंच बसलो होतो. पोरगी तोवर चांगली उंच झाली होती. गल्लीतल्या कुणीतरी पाहुण्यांना दाखवलं, "हीच ती. हिच्या डोस्क्यावर बुवानं हात ठेवला आन मेलेली उठली."

बाईनं तांब्या खाली आपटला. "कुणी सांगितलं तुम्हास्नी? म्या हुतो तितं. हात ठिव हात ठिव म्हणून पायरीवर बोंबललो, तरी ठेवला न्हाय त्येनं. पाणी पाजलं, घाण काढली, आन मेला."

मी तांब्या पुन्हा भरून दिला.

पोरगी जगली. तिची आई जगली. मी जगले. मामा जगले नाहीत.