मन्मथची चाई

सरकारी ऑफिसात फायली साचतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. किस्से त्याहून जास्त साचतात, आणि ते निकाली काढायचा अधिकार कुणालाच नसतो! आमच्याकडे तर एकट्या मन्मथच्या डोक्यावर इतके साचले, की बाकीच्यांची आठवण काढायची गरजच पडत नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. भाड्याची इमारत, इकडून तिकडून गोळा केलेली टेबलं, आणि वर दुष्काळ. गावोगाव टँकर पाठवायचं काम आमच्या शाखेकडे. मन्मथ शाखेतला सगळ्यात तरुण कारकून. उदगीरच्या एका दुकानदाराच्या मुलीशी त्याची सोयरीक जमत आली होती. पोरगी त्याला मनापासून आवडलेली. उन्हाळ्यातच सुपारी फुटायची होती, आणि नेमकी तेव्हाच गड्याच्या डोक्यावर चाई पडली! कानाच्या वर बंद्या रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा. खाज नाही, दुखणं नाही, केस तेवढे गायब.

"सुपारीच्या आत केसं यायला पाह्यजेत," तो मला म्हणाला. "न्हाई तर सोयरीक मोडली म्हणून समज."

* * *

पहिला इलाज न्हाव्याने केला. "केसं खाणारी कीड हाय साहेब, खरवडून काढतो," असं म्हणत त्याने वस्तऱ्याने चट्टा लालबुंद होईपर्यंत घासला.

मन्मथने कळवळून विचारलं, "दिसली का कीड?"

"आता कशी दिसंल? मेली की!"

* * *

आमचे अव्वल कारकून वट्टमवार साहेब नांदेडचे. नव्या जिल्ह्यात बदली झाली म्हणजे आपल्याला वनवासात धाडलं, असा त्यांचा कायमचा चेहरा. त्यांनी चट्टा लांबूनच पाहिला आणि जाहीर केलं, "हा साथीचा रोग आहे!" मन्मथचं टेबल बाहेर व्हरांड्यात गेलं. त्याचा पाण्याचा ग्लासही वेगळा झाला. चाई शिवाशिवीने पसरत नाही, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं, आणि असतं तरी साहेबांनी ऐकून घेतलं नसतं.

आतला पंखा दिवसभर बंद, कारण लाईट नाही. व्हरांड्यात मात्र निंबाची गार सावली. त्याच आठवड्यात शाखेतल्या चौघांचं डोकं खाजायला लागलं! पाचवे तक्रारदार खुद्द वट्टमवार साहेब निघाले, तेव्हा मन्मथचं टेबल आत आलं आणि साहेबांचं बाहेर गेलं.

* * *

आमचे शिपाई सत्तारभाई मात्र दिलदार. त्यांनी घरून सोललेला लसूण आणला. "घासा साब, बिनफिकीर घासा!"

मन्मथने असा घासला, की चट्ट्यावर फोड आले आणि वास जिन्यापर्यंत गेला. त्याच दिवशी मोठ्या साहेबांची टंचाईवर मीटिंग. साहेब आत आले, एक खोल श्वास घेतला आणि वट्टमवारांना म्हणाले, "दुष्काळाच्या मीटिंगला जेवण कशाला ठेवलं हो?"

* * *

मग वट्टमवार साहेबांना साक्षात्कार झाला, की दोष ऑफिसच्या पाण्याचा आहे. कारकुनाचे केस गेले म्हणताच नळाच्या पाण्याचा नमुना त्याच दिवशी तपासायला रवाना, आणि ऑफिसला दुसऱ्या विहिरीचं पाणी सुरू! गढूळ टँकरबद्दल गावांचे अर्ज मात्र कपाटावर धूळ खात पडलेले.

हे सगळं एक म्हातारी दारात उभी राहून बघत होती. गावात टँकर आला नाही म्हणून ती रोज येऊन बसायची. ती म्हणाली, "आमचीबी पोरं टकली करून आणू का साहेब? मंग तरी कुणी बघंल आमच्या पाण्याकडं!"

वट्टमवार साहेबांनी तिला उद्या यायला सांगितलं.

* * *

शेवटी मी मन्मथला धरून नांदेडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी भिंग लावून डोकं पाहिलं आणि म्हणाल्या, "कीड नाही, पाणी नाही, साथ नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात ना, त्याच चुकून केसांच्या मुळांना शत्रू समजतात आणि त्यांच्यावर हल्ला करतात."

"म्हंजी आपल्याच लोकांनी आपल्याला मारायचं?"

"तसंच."

"मंग तर आमचं ऑफिसच माझ्या डोक्यात शिरलंय, बाई!"

बाईंनी चट्ट्यात बारीक सुईने औषध टोचलं, वरून लावायला मलम दिलं आणि दर महिन्याला यायला सांगितलं. लसूण, वस्तरा बंद. मन्मथने काकुळतीला येऊन विचारलं, "गॅरंटी हाय का बाई?"

"पुष्कळांचे केस येतात, कधी कधी आपोआपही येतात. पण गॅरंटी पाहिजे असेल तर बाहेर तंबू ठोकून वैदू बसलाय, तो देईल."

* * *

आणि केस आले! पण सुरुवातीला आले ते पांढरे. असं होतं, पुढे काळे होतात, असं बाईंनी बजावलं होतं. तरी मन्मथ हबकलाच. श्रेय घ्यायला मात्र झुंबड उडाली. न्हावी म्हणाला वस्तरा, सत्तारभाई म्हणाले लसूण, वट्टमवार साहेब म्हणाले नवीन पाणी. नांदेडच्या बाईंचं नाव एकानेही काढलं नाही.

तेवढ्यात सुपारीच्या तोंडावर मागच्या बाजूला दुसरा चट्टा उघडला, पहिल्याहून मोठा! श्रेय घेणारे तिघेही एकदम कामाला लागले.

* * *

टोपीची आयडिया वट्टमवार साहेबांची. "पांढरी टोपी घाला, शोभूनही दिसाल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे सोयऱ्यांना टॉवेल-टोपीचा आहेर असतो, आणि नवी टोपी घालायला जुनी काढावी लागते, हे ऑफिसातल्या एकाही डोक्यात आलं नाही. त्यात माझंही होतं.

उदगीरला बैठक भरली. मुलीचे वडील नवी टोपी घेऊन मन्मथसमोर उभे राहिले आणि त्यांनी अगदी प्रेमाने त्याची जुनी टोपी उचलली. मागचा चट्टा सगळ्या बैठकीला दिसला.

मानाच्या गादीवर घरचे थोरले जावई बसले होते. दाट कुरळे केस, खिशात कंगवा. ते म्हणाले, "रोगट हाय हे! उद्या पोराबाळांत उतरंल. मामा, अजून सुपारी फुटली न्हाई, विचार करा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मन्मथ हात जोडून उभा राहिला. "चाई हाय. औषध चालू हाय. केसं येतील, न्हाई बी येतील. टोपी लपवायला घातली, ते माझं चुकलं."

वडील हातातल्या टोपीकडे बघत राहिले. आतल्या दारात महानंदा, म्हणजे नवरी मुलगी, थोरल्या बहिणीचा हात धरून उभी होती.

"अप्पा," ती म्हणाली, "दाजींची केसं लई दाट हायत. तरी अक्का वरीस झालं आपल्याच घरी हाय की."

अप्पांनी मन्मथच्या डोक्यावर नवी टोपी ठेवली आणि अडकित्ता मागवला.